कानखात्यात एकही खाडा नाही

…तर त्या पेटीतून आधी झुरळं निघाली, मग एक वाळलेली पाल निघाली, आणि पालीच्या खालून मी निघालो. म्हणजे माझं अक्षर. काल इथवर आलो होतो आणि आतून जेवायची हाक आली, म्हणून पाल तशीच राहिली. काल जे नव्हते त्यांनी काळजी करू नये. मी रोज पहिल्यापासूनच सांगतो, अशी आमच्या घरची तक्रार आहे.

पेटी उघडत होती माझी मुलगी. ती इतिहासाची प्राध्यापक. राजे आणि लढाया यांच्या वाटेला ती कधी गेली नाही. तिचा इतिहास मजुरांचा: कोण किती वाजता कामावर यायचं, एका खोलीत किती जण झोपायचे, मुकादम कोणाशी कुठल्या आवाजात बोलायचा, आणि हे सगळं तसंच का होतं. मला हे कळायला बरीच वर्षं लागली. पहिल्यांदा ती म्हणाली, "बाबा, मी कामगारवर्गाचा अभ्यास करते," तेव्हा मी चार जणांना सांगून आलो की ती कामगारांचा वर्ग घेते, साक्षर करते त्यांना. त्यातल्या एकाने आपल्या मेव्हण्याचं नावही माझ्याकडे देऊन ठेवलं.

पुढे नीट समजल्यावर मला आणखीच मौज वाटली. मी एकतीस वर्षं कपबशीच्या कारखान्यात काढली, तेव्हा माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. आणि आता माझ्यासारख्यांकडे बघायला विद्यापीठाने एक अख्खी बाई नेमली. मी तिला म्हटलं, "मग उगाच दप्तरखान्यात कशाला जातेस? मी इथे खुर्चीत बसतो, तू बघ."

"तुम्ही बसाल," ती म्हणाली, "पण गप्प बसाल का?"

घरात तिचं नाव तपासनीस. ते तिच्या आईने ठेवलं, ती सहा वर्षांची असताना. माझं शिक्षण खेड्यातल्या शाळेत झालं. एक मास्तर, एक खोली, चार इयत्ता, आणि पलीकडे जायला एक ओढा. तो ओढा मी दप्तर डोक्यावर धरून कसा पार करायचो ते मी पोरीला सांगत होतो. मधेच तिने विचारलं, "बाबा, मागच्या वेळी पाणी गुडघ्यापर्यंत होतं. आज गळ्यापर्यंत कसं आलं?" मी म्हटलं, पाऊस वाढला असेल. "मग त्या दिवशी शाळा भरली कशी?" आमची मंडळी स्वयंपाकघरात इतकी हसली की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

ही मुलगी इतिहासातच जाणार हे तेव्हाच ठरलं असावं. मला वाटलं होतं पोलिसात जाईल.

तिची नोकरीची सुरुवात म्हणजे तीन कॉलेजं, तासावारी काम, आणि मधल्या वेळात बसमध्ये मांडीवर डबा. अकरा वर्षं असं चाललं. तिच्या बरोबरीचे कोणी बँकेत साहेब झाले, कोणी परदेशी गेले, आणि ही धुळीने माखून घरी यायची. कधी कुठल्याशा जुन्या चाळीतल्या नळाची यादी, कधी बंद पडलेल्या गिरणीच्या दवाखान्याची वही. जेवताना आनंदाने सांगायची, "बाबा, सापडलं. मंगळवारी सगळ्यात जास्त बोटं कापली जायची." तिचा नवरा भला माणूस, त्याने मंगळवार सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलायचा प्रयत्न करून पाहिला. अडतिसाव्या वर्षी ती कायम झाली. त्या दिवशी मी गल्लीत सांगत फिरलो की मुलगी कामाला लागली. लोकांना वाटलं, इतके दिवस घरीच होती.

तिने आमच्याच कारखान्यावर पुस्तक लिहायचं ठरवलं तेव्हा मला धन्य वाटलं. मी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तिच्या रेकॉर्डरसमोर बसलो. तीन बैठका झाल्या. भट्टी ढासळली तेव्हा आत किती माणसं अडकली होती, असं तिने तिन्ही वेळा विचारलं. पहिल्या दिवशी मी सात सांगितली, दुसऱ्या दिवशी अकरा, आणि तिसऱ्या दिवशी मला धरून बारा. तिने बटण दाबून यंत्र बंद केलं.

"बाबा, तुमचं तोंड म्हणजे पुरावा नाही."

"मग काय आहे पुरावा?"

"तुमचा हात. तुम्ही हजेरी कारकून होता. तुम्ही लिहिलेली रजिस्टरं मला मिळाली तर मला बाकी काही नको."

आणि तिने ती मिळवली. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली होती. चौदा अर्ज, दोन वकील आणि एका रागीट वॉचमनची समजूत घातल्यावर गोदामाचं कुलूप निघालं, आतून ती पेटी, आणि ती पाल. तिने तिथूनच फोन केला. "बाबा, तुमचा ह ओळखला मी. पोटात गाठ मारलेला." तिचा आवाज जरा भिजल्यासारखा वाटला. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण सोडावं लागलं. ह म्हणजे हजर आणि खा म्हणजे खाडा, एवढंच मी एकतीस वर्षं लिहिलं. लेखक म्हणून माझा आवाका तेवढाच.

आता कानखातं म्हणजे काय ते सांगतो. साच्यातून कप निघतो तो बिनकानाचा. मग ओल्या मातीचा पातळ लगदा लावून त्याला हाताने कान चिकटवायचा. हे काम बायकांचं. छत्तीस जणी लांब बाकांवर बसायच्या, सकाळी सात ते तीन. महिन्यात तीन खाडे झाले की नाव कमी, असा तेव्हा कारखान्याचा नियम होता. आणि माझ्या रजिस्टरात मुलीला दिसलं की या कानखात्यात चौदा महिने एकही खाडा नाही. बाकी सगळ्या खात्यांत खा, खा, खा. इथे छत्तीस ओळी आणि नुसते ह.

तिने त्याचा आलेख काढला. इतर खात्यांच्या रेघा डोंगरासारख्या वरखाली, आणि कानखात्याची रेघ फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ. तिने त्यावर निबंध लिहिला: नाव कमी होण्याची भीती, हाताच्या कसबाचा अभिमान आणि यातून तयार झालेली शिस्त. निबंध गाजला. दुसऱ्या एका विद्यापीठातले एक सर, घरात आम्ही त्यांना शंकासुर म्हणतो, त्यांनी लिहिलं की जिवंत माणसांची अशी हजेरी असू शकत नाही. तिने त्यांना नऊ पानी उत्तर छापून दिलं. मग त्याचंच पुस्तक झालं, त्यातलं चौथं प्रकरण म्हणजे सगळ्या इमारतीचा खांब, आणि त्या पुस्तकावर पुढच्या महिन्यात तिची मुलाखत, वरच्या जागेसाठी. सोमवारी पानं छापखान्यात जायची होती.

त्या आधीच्या शुक्रवारी ती पानं आमच्याकडे ठेवून गेली. माझा चष्मा दुरुस्तीला होता, म्हणून नातीने गॅलरीत बसून चौथं प्रकरण वाचून दाखवलं. निम्मे शब्द माझ्या डोक्यावरून गेले आणि मी मान डोलावत राहिलो. मग शेवटचं वाक्य आलं, शंकासुरांना उद्देशून: 'नोंद करणाऱ्याला खोटं लिहिण्याचं काहीही कारण नव्हतं.'

नात म्हणाली, "आजोबा, तुम्हाला घाम का आलाय?"

कारण नोंद करणाऱ्याला कारण होतं. कारण म्हणजे तोंड.

मी रोज सकाळी कानखात्याच्या दारात उभा राहून हजेरी घ्यायचो आणि घेताघेता गोष्ट सांगायचो. एकदा आमच्या शाळेच्या विहिरीत पडलेल्या बैलाची गोष्ट अशी रंगली की हात आपला चालतच राहिला, ह, ह, ह, थेट छत्तिसाव्या ओळीपर्यंत. दोघी आल्याच नव्हत्या. एकीचं मूल दवाखान्यात होतं आणि दुसरी तिच्या सोबतीला. हे माझ्या लक्षात आलं तोवर रजिस्टर साहेबांच्या टेबलावर गेलेलं. शाईतलं अक्षर खोडायचं तर साहेबांची सही लागायची आणि कारण लिहून द्यावं लागायचं. कारण काय लिहू? बैल?

मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी खात्याची मुकादमीण जवळ आली. बाई अशी की तिच्यापुढे भट्टीवाले पुरुषसुद्धा विडी लपवायचे. हळूच म्हणाली, "काल दोघी नव्हत्या. तुम्ही हजर लावलीत." मला वाटलं, गेली नोकरी. ती म्हणाली, "आज दुसऱ्या दोघी नाहीत. कान पूर्ण भरतील, ते आमच्यावर सोडा."

आणि भरायचे. रोज दोघी घरी, चौतीस जणी छत्तिसांचं काम उरकायच्या, आणि मी छत्तीस ह लिहायचो. चौदा महिने. मग साच्यातूनच कानासकट कप यायला लागले आणि ते खातंच मोडलं. या सगळ्यात मला एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. मुकादमिणीने मला बजावलं होतं, गोष्ट मात्र रोज सांगायची, चुकवायची नाही. मी तेव्हा गावभर सांगितलं की माझ्या गोष्टींशिवाय बायकांचं काम सुरू होत नाही. पुढे कळलं की मी बोलायला लागलो की गेटवरचा वॉचमन ऐकायला येऊन उभा राहायचा आणि डोकी मोजायला विसरायचा. माझा उपयोग तेवढाच होता.

हे सगळं मी त्या शुक्रवारी आमच्या मंडळींना सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या.

"हे खरं आहे?"

"शपथेवर."

"मग तिला सांगा. आणि एकदा तरी मीठ न लावता सांगा."

"ती मुलाखत जाईल तिची."

"आणि उद्या त्या शंकासुराने शोधून काढलं तर? पोरगी खोट्यावर उभी आहे आणि तुम्ही खाली बसून टाळ्या वाजवताय."

शनिवारी दुपारी मुलगी आली. जेवणाच्या टेबलावर पानं पसरून, पेन्सिल घेऊन बसली. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. खरं सांगतो, मीठ अजिबात लावलं नाही. बैलाचासुद्धा रंग सांगितला नाही. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"छान आहे," ती म्हणाली.

"काय छान?"

"गोष्ट. वॉचमनचा तुकडा तर फारच झकास. कधी रचलीत? सकाळी?"

"अगं, हे झालेलं आहे."

"भट्टीत बारा माणसं होती तेही झालेलंच होतं."

"तीन होती," मी म्हणालो. "आणि मी त्यांत नव्हतो. मी त्या दिवशी घरी होतो, दात दुखत होता."

आता तिने पेन्सिल खाली ठेवली. एकतीस वर्षांतल्या माझ्या सगळ्यात मोठ्या गोष्टीतून मीच मला बाहेर काढलं, तेव्हा कुठे तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

आतून आवाज आला, "लग्नाच्या वेळी हे हेडक्लार्क होते. तेव्हापासून मी यांचं निम्मंच धरते."

"निम्मं धरलं तरी पुस्तक बुडतं, आई," मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दुसरं कोण आहे सांगायला? तुमच्याशिवाय."

मुकादमीण होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, एका शिंप्याच्या दुकानाच्या वर मुलाकडे राहायची. रविवारी सकाळी आम्ही तो अरुंद जिना चढलो. म्हातारी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, बोटं वाकडी झालेली, नजर मात्र तीच.

"हजेरीबाबू, अजून आहात?"

"आहे की."

"मग लावा हजर."

इथे मी घोळ केला. ही माझी मुलगी असं साधं सांगायचं सोडून मी छाती काढून म्हणालो, "या विद्यापीठातून आल्यात, मोठ्या प्राध्यापक." म्हातारीने पदर सारखा केला आणि पाठ ताठ केली. मुलीने विचारलं, कानखात्यात रोज दोघी जणी गैरहजर असायच्या, हे खरं का?

"कोण म्हणतं?"

"हे म्हणतात."

"यांचं काय, हे काहीही म्हणतील. यांचं ऐकून कोणी कधी काही लिहून घेतलेलं नाही. तुम्ही असं लिहा, बाई. आमच्या खात्यात खाडा नव्हता. एकीचाही नाही. रजिस्टर बघा."

 मुलीने माझ्याकडे बघितलं तेही रागाने नाही, आणि तेच जास्त लागलं. मी फरशीचे चौकोन मोजायला लागलो. आयुष्यात एक खरी गोष्ट सांगितली होती, ती एकुलत्या एका साक्षीदारणीने माझ्यादेखत बुडवली होती. मुलीने वही पिशवीत टाकली. पुस्तक बचावलं होतं, आणि तिच्या लेखी बापाने म्हातारपणी आणखी एक लोणकढी मारली होती.

आम्ही उठलो तशी सुनेने चहा आणला, म्हणून परत बसलो. म्हातारी कपाचा कान अंगठ्याने चाचपत, कोण जाणे कोणी लावला असेल याच्या विचारात असल्यासारखी, सहज मला म्हणाली, "तो तुमचा बैल शेवटी निघाला का हो विहिरीतून?"

"म्हणजे?"

"तुम्ही चार दिवस लावले होते त्याला. शेवटच्या दिवशी माझा नंबर होता, मी बहिणीकडे गेले होते. मग इकडे विचारलं तर प्रत्येकीने वेगळाच शेवट सांगितला."

 माझं तोंड उघडलं होतं; मुलीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. मग वही काढली नाही, पेन काढलं नाही, बशीत चहा ओतला आणि विचारलं, "मावशी, नंबर कोण लावायचं?"

म्हातारीच्या लक्षात आलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"सांगा आता," मी म्हणालो. "साहेब जाऊन दहा वर्षं झाली. कारखाना पाडला. आणि ही माझी मुलगी आहे."

"मुलगी? मग मघाशी जीभ काय गहाण टाकली होती? मला वाटलं हापिसातून कोणी आलं." आणि खुर्ची मुलीकडे सरकवून म्हणाली, "नंबर मी लावायचे. अठरा दिवसांनी एकीचा. कोणी काय करायचं ते विचारायचं नाही, हा नियम. एक दवाखान्यात जायची. एक जण नुसती झोपायची, सातापासून तिनापर्यंत. आणि एक होती, ती नंबरच्या दिवशी कारखान्यासमोर झाडाखाली बसून आम्हाला आत जाताना बघायची. म्हणायची, मला तेवढंच बघायचं असतं."

ती दोन तास बोलत होती. मुलीने मग विचारून यंत्र लावलं. मी दोनदा मधे पडलो. एकदा म्हातारीने गप्प केलं, एकदा मुलीने. सुनेला बहुतेक असं काही कधी कळलंच नव्हतं, ती दाराशी भांडं हातात घेऊन उभीच राहिली.

जिना उतरताना मुलगी माझ्या पुढे होती, एका हाताने कठडा धरून, सावकाश. तिच्या पिशवीतून ती छापायची पानं डोकावत होती. मला राहवलं नाही. तिसऱ्या पायरीवर थांबून मी विचारलं, आता पुस्तकाचं काय होणार. तिने वळून जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं देतो, कारण मी त्यात एक शब्द वाढवला तर तिला लगेच कळेल.

"काय होणार म्हणजे? चौथं प्रकरण गेलं. छापखान्याला उद्या नाही म्हणून कळवते, शंकासुरांना पत्र लिहिते की तुमचं बरोबर होतं, आणि मुलाखतीचं पुढच्या वर्षी बघू. पण सगळा दोष स्वतःकडे घेऊन उगाच फुशारू नका, बाबा. अठरा वर्षं मी मजुरांवर लिहितेय, आणि त्या छत्तीस जणींपैकी एकीच्याही दारात गेले नाही, कारण कागद हातात होता. आता जाणार. ज्या हयात असतील त्या सगळ्यांकडे. तुम्ही बरोबर यायचं, तुम्हाला बघून त्या दार उघडतील. दार उघडलं की तुम्ही खाली जाऊन पायरीवर बसायचं."